शंभर वर्षांना एक फूट

सहादू पेंटरचा हात म्हणजे हात! निफाड-सायखेड्याच्या निम्म्या दुकानांच्या पाट्या त्याच्याच. मेले ते फ्लेक्स आले अन् त्याचे ब्रश वाळले. चार वर्षांनी त्याला काम मिळालं ते आमच्या शाळेच्या पन्नास फुटी भिंतीचं. मी मंगलाबाई, शाळेत खिचडी शिजवते, म्हणून सगळं डोळ्यांनी पाह्यलं.

हेडमास्तर दीपक सरांनी छापील चौकटींचा तक्ता दिला, 'जगाचा इतिहास: पाच हजार वर्षं'. सहादूभाऊ आधी दोरी मारून सारखं अंतर आखतो, मगच अक्षर काढतो. अंतर चुकलं तर त्याला घास उतरत नाय. पन्नास फूट, पाच हजार वर्षं. म्हणजे शंभर वर्षांना एक फूट. तसंच रंगवलं.

दुपारी सर आले अन् भडकलेच. मधे ग्रीस अन् रोम एवढंच, अन् वास्को द गामापासनं पुढच्या तीस चौकटी शेवटच्या साडेपाच फुटांत कोंबलेल्या. बाकी भिंत कोरी करकरीत.

"पेंटर, थट्टा लावलीय का? उद्या पाहुणे येणारेत!"

"सर, तुमच्या कागदात हाय तेच लिहिलं. त्याला जागा तेवढीच लागती."

"चौकटी सारख्या पसरा. नाहीतर सकाळी फ्लेक्स लावतो, तुम्ही मोकळे!"

मी मधे पडले. "कर की गुमान," म्हटलं, "एवढी एकच भिंत हाय तुझ्या हातात."

तो माझ्यावरच उखडला. "मंगलाबाई, तुमच्या वावरात नांगर घातला की रंगीत खापरं निघत्यात ना? कॉलेजवाल्यांनी तीन हजार वर्षांची सांगितली. ती मडकी भाजली कुणी? अन् या कागदात आपलं नाव कधी येतं? गोरा बोटीतून उतरला तेव्हा!"

लय राग आला मला, माझाच. जल्मभर त्या खापरांवर पाय देऊन वावर निंदलं, कधी इचारलं नाय. घरी गेले, पदरभर खापरं आणली. सहादूभाऊनं विसाव्या फुटावर तांबडं मडकं काढलं, त्यावर खापरावरच्याच काळ्या रेघा. शेजारी ठसठशीत लिहिलं: 'इथंही माणसं होती. लिहिणाऱ्यानं विचारलं नाही.' खाली सही केली अन् ब्रश धुऊन निघून गेला.

सकाळी सर फ्लेक्स घेऊन हजर. मी हातातल्या खिचडीच्या डावासकट भिंतीला पाठ लावली.

"ठोका खिळे," म्हटलं, "पण आधी पोरांना वाचून दाखवा, काय झाकताय ते."