पाण्याला आलेली निळसर झाक

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही — बायकोलाही नाही. आज तुम्हाला का सांगतोय? नीटसं माहीत नाही.

मी बुऱ्हाणपूरच्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकवतो, लोधीपुऱ्यात राहतो. त्याआधी इंदूरच्या एका लॅबमध्ये पीएच.डी. करत होतो. आम्ही फ्लोरिनची पॉलिमरं बनवायचो — लांब साखळ्या, अर्धा भाग पाण्यात रमणारा, अर्धा पाण्यापासून पळणारा. पाण्यात त्या आपोआप गोळा होतात, पळणारा भाग आत दडतो. ते गोळे डोळ्यांना दिसत नाहीत. दिसते ती फक्त पाण्याला आलेली निळसर झाक.

सुनंदा माझी ज्युनिअर. तुकईथडची. तिचे वडील केळीच्या बागेतून थेट माझ्या घरी आले होते — "तू आहेस तिथं, म्हणून पाठवतो पोरीला."

तिला ती झाक पहिल्यांदा जमली तेव्हा मलाच बोलवायला धावत आली. "भैया, देखो ना, जमलं!" मी बघितलं. बाटली खिडकीच्या उजेडात धरून बघितलं.

मग — इथंच अडतं माझं — फ्लोरिनच्या कच्च्या मालाची लॅबमधल्या सगळ्यांसाठीची बाटली मी शनिवारी फ्रीजबाहेर विसरलो. ऐन उन्हाळा. सोमवारी गुपचूप आत ठेवून दिली. माल बिघडला असणार हे मला कळत नव्हतं? कळत होतं.

सुनंदानं त्याच बाटलीतून आमच्या गाईड सरांसमोर प्रयोग केला. तळाला पांढरा चोथा बसला. पुन्हा केला, पुन्हा चोथाच. आधीचे निकाल तू मनानंच रचलेस, सर म्हणाले. ती माझ्याकडे वळली.

"भैया, तुम्ही बघितलं होतं नं?"

"मला नाही आठवत," मी म्हणालो.

तिला लॅब सोडावी लागली. मी नवी बाटली मागवली, त्याच कामावर डिग्री घेतली.

एवढ्यावरच थांबलो असतो तर — पण नाही थांबलो. गेल्या वर्षी देडतलाईच्या एका शाळेतून मुख्याध्यापकांचा फोन आला. सुनंदानं शिक्षिकेच्या जागेसाठी अर्ज केला होता, ओळखीचं म्हणून नाव माझं दिलं होतं.

"सर, मुलगी हुशार वाटते. पण लॅबमधून काढलं होतं म्हणतात. तुम्ही तिथंच होता ना? खोटेपणाचं काही होतं का?"

खरं बोलायला आता कसली भीती होती? डिग्री होती, नोकरी होती. तरी मी म्हणालो, "हो, तसं काहीतरी झालं होतं."

सुनंदाला ती नोकरी मिळाली नाही. चार-पाच दिवसांनी तिचा फोन आला. मी उचलला नाही.