वहिनीची मशेरी

कमलाक्षी माझी मोठी जाऊ. मी तिला वहिनी म्हणायचे. धारगळला हायवेच्या कडेला तवशी काकड्या, तांबडी भाजी घेऊन ती दिवसभर बसायची. कोणी फार घासाघीस केली की म्हणायची, "फुकटच ने रे बाबा, वर ही पाटीपण ने!" तोंडाची फटकळ, पण माझ्यावर जीव.

आम्हा दोघींना निवांत वेळ एकच. सकाळी विहिरीपाशी मशेरी लावत बसायचं. तव्यावर तंबाखू काळी होईस्तोवर भाजायची, कुटायची, ते काम माझं. घरातलं, मनातलं सगळं तेव्हाच बोलून व्हायचं. अशी एकतीस वर्षं गेली.

साठीला वहिनीला धाप लागायला लागली. तिचा मुलगा सगुण आम्हाला पेडण्याला डॉक्टरकडे घेऊन गेला. रक्त तपासलं. डॉक्टर म्हणाले, "सीआरपी फार वाढलाय. म्हणजे अंगात आतून कुठेतरी सूज आहे. हृदयाला धोका आहे." आम्ही दोघींनी तिच्या पायांकडे बघितलं. पाय तर काटक्या!

डॉक्टर विचारत सुटले. झोप किती, चालणं किती, खाणं काय, विडी, तंबाखू? मीच फणकारले, "आमच्या घरातल्या बायका तंबाखू खात नाहीत हां, डॉक्टर!"

नर्स सावंतवाडीकडची. तिने वहिनीचा ओठ वर केला. हिरड्या सुजलेल्या, बोट लागलं की रक्त. "मशेरी लावता?"

"ती दात घासायला," आम्ही दोघी एकदम बोललो.

डॉक्टरांनी कपाळावर हात मारला. "अहो, जाळली तरी तंबाखूच ती! हिरड्यांची सूज रक्तात दिसते. त्यात तुमची झोप अपुरी, दिवसभर एका जागी बसून. आधी मशेरी बंद. तीन महिन्यांनी परत तपासू."

वहिनीने बंद केली. पण हाल बघवेनात गो! डोकं दुखायचं, पोट साफ होईना, गिऱ्हाइकांवर खेकसायची. सकाळी विहिरीपाशी यायची, पण तोंड फिरवून बसायची, एक शब्द नाही. नवव्या दिवशी माझा हात धरून रडली. "शेवंती, चिमूटभर दी गो. एकदाच."

मी भाजून दिली. कशाला दिली? तिचं दुखणं बघवेना म्हणून, हे खरं. पण तिचं बोलणं मला परत हवं होतं, हेही खरं. एकदाच म्हणता म्हणता रोजचं झालं. सगुण उठायच्या आत आमचं उरकायचं. आम्ही पोरींसारख्या हसायचो.

तीन महिन्यांनी रिपोर्ट आला, होता तसाच. डॉक्टर भडकले. "मशेरी सोडली नाही ना तुम्ही?"

वहिनी म्हणाली, "चोरून लावते. घरात कोणाला ठाऊक नाही. माझ्या जावेलापण नाही."

डॉक्टरांनी तिला वाटेल तसं सुनावलं. मी शेजारी उभी होते. तोंड उघडायला हवं होतं मी, नाही उघडलं. बसमध्ये मी डोळे पुसायला लागले तर मलाच म्हणते, "सगुण तुला बोलला असता गो. मला बोलला तर काय, मी आई त्याची."

त्यानंतर मी भाजली नाही. तिनेही मागितली नाही. पण उशीर झाला होता. अकराव्या दिवशी दुपारी भाजीवर पाणी शिंपडताना छातीत कळ आली आणि ती तिथेच कोसळली. म्हापशाच्या इस्पितळात पोचेपर्यंत संपलं.

मशेरीनेच गेली असं डॉक्टर म्हणाले नाहीत. कारणं पुष्कळ असतात म्हणाले. मला त्याचा काय उपयोग?

बाराव्याला जेवणं झाल्यावर सगुण सगळ्या पाहुण्यांसमोर म्हणाला, "आईने शेवटपर्यंत कोणाचं ऐकलं नाही. काकीने मात्र तिला फुलासारखं जपलं." आणि वाकून माझ्या पाया पडला.

मी पाय मागे घेतले नाहीत. त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि सुखी राहा म्हणाले.