कोऱ्या स्टॅम्पपेपरवरचा अंगठा

"मॅडम, टाइप करून सरांचा शिक्का घ्या फक्त. अंगठा तर कालच झालाय," विलास म्हणाला आणि इंग्रजीत लिहिलेला ड्राफ्ट माझ्या टेबलावर ठेवला.

मी पहिला परिच्छेद वाचला आणि टाइपरायटरवरचे हात मागे घेतले.

मी तेव्हा महाडला एका नोटरी वकिलांकडे ज्युनिअर होते. नोटरीच्या शिक्क्याचा अर्थ साधा असतो: या माणसाने मजकूर समजून घेतला आणि माझ्यासमोर सही केली. आमच्याकडे मात्र उलटं चालायचं. डोंगरातल्या वाड्यांवरची माणसं सकाळच्या एसटीने यायची आणि परतीची गाडी धरायच्या घाईत असायची. मग आम्ही कोऱ्या स्टॅम्पपेपरवर खाली अंगठा घेऊन ठेवायचो आणि ती गेल्यावर वर मजकूर टाइप करायचो. ही लबाडी आहे असं कुणालाच वाटत नसे. सगळे त्याला सोय म्हणत.

आदल्या दिवशी विलासने त्याची वहिनी सुभद्रा हिला आणलं होतं. ती पोलादपूर तालुक्यातली, कापडे गावाच्या वरच्या वाडीतली. विलास मुंबईत एका शेटकडे ड्रायव्हर. भावाच्या नोकरीचे कागद करायचेत, ड्राफ्ट उद्या आणतो, असं तो म्हणाला होता. सुभद्राचा अंगठा शाईच्या पॅडवर मी दाबला. कागदावरही मीच टेकवला.

ड्राफ्टमध्ये लिहिलं होतं: मी बारा वर्षं शेटच्या घरी काम करते, ते मला वडिलांसारखे आहेत, त्यांच्यावरच्या मायेपोटी मी माझी एक किडनी त्यांना स्वखुशीने देत आहे, मी पैसे घेतलेले नाहीत.

थोडं कायद्याबद्दल सांगते. चौऱ्याण्णव साली मानवी अवयव प्रत्यारोपण कायदा झाला. किडनीची खरेदी-विक्री हा त्यात गुन्हा ठरला. आई-वडील, मुलं, सख्खी भावंडं, नवरा-बायको एकमेकांना अवयव देऊ शकतात. परक्याला द्यायचा तर एका कमिटीची परवानगी लागते, आणि परवानगीसाठी कारण दाखवावं लागतं: माया, आपुलकी. ही माया कागदावर सिद्ध करायचं काम आमच्यासारख्यांकडे येतं. दलालाला माया टाइप करून हवी असते.

माझ्या वडिलांचा छापखाना होता. पत्रकांच्या गठ्ठ्यांवर बसून मी वाचायला शिकले. 'माणसाचे अवयव विकाऊ नाहीत' हे पत्रक कॉलेजात असताना मी स्वतः वाटलं होतं. आणि काल त्या बाईचा अंगठा धरणारा हात माझाच होता.

मी ड्राफ्ट घेऊन सरांकडे गेले.

"अगं, खरं-खोटं कमिटी बघेल की," सर म्हणाले. "आपण कशाला मध्ये पडायचं?"

"कमिटी आपला शिक्का बघेल, सर. आणि हे खोटं निघालं तर गुन्हा त्या बाईवर लागेल. अंगठा तिचा आहे."

"इतकी वर्षं असंच चाललंय."

"मग इतकी वर्षं चुकलंय."

सरांनी चष्मा काढला. मला वाटलं, नोकरी गेली. त्यांनी विलासला आत बोलावलं. "उद्या वहिनींना घेऊन या. त्यांच्यासमोर वाचून दाखवू."

कागद मी माझ्या ड्रॉवरमध्ये ठेवून कुलूप लावलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी सुभद्रा आली. पढवून आणलेली दिसत होती; खुर्चीत बसायच्या आधीच "व्हय, व्हय, माझी मर्जी हाय" म्हणाली.

"कशाची मर्जी?" मी विचारलं.

तिने विलासकडे पाहिलं. "वॉचमनच्या नोकरीची. आमच्या ह्यांच्या."

मी ड्राफ्टमधलं एकेक वाक्य मराठीत सांगायला लागले. बारा वर्षांचं वाक्य आलं तशी ती हसली. "बारा वर्सं? मी मुंबई बघितली ती एकदाच गो बाय. डाक्तरनी माझं रगत काढलं तवा. नोकरीला बायकोचं रगत तपासतात म्हनले भाऊजी."

मग किडनीचं वाक्य आलं. तिला तो शब्द कळला नाही. मी म्हणाले, "गुर्दा. तुमच्या पोटातला. कापून काढणार."

तिचा हात पदराखालून कमरेवर गेला.

"वहिनी, शेट मरायला टेकलाय," विलास घाईने म्हणाला. "एकावर मानूस जगतो. पुन्याचं काम हाय."

"मग तुमचा द्या की भाऊजी. तुमालापन दोन असतील."

"माझा ग्रुप जुळत नाय."

"बरा जुळत नाय!" ती उभी राहिली. "नोकरी नवऱ्याला, पुन्य तुमाला, आनि कापायची मी? माझा गुर्दा मी देनार नाय. लिवा तसं!"

सरांनी माझ्याकडे ड्रॉवरमधला स्टॅम्पपेपर मागितला, लाल पेनने त्यावर आडवी रेघ मारली, 'रद्द' लिहिलं आणि खाली सही केली.

"नोटरी काय तुम्ही एकटेच हाय?" विलास दारातून म्हणाला.

"नाही. पण हा कागद आणि तुमचा ड्राफ्ट आता माझ्याकडे आहे," सर म्हणाले. तो गेल्यावर माझ्याकडे वळले. "पोलिसांना तक्रार लिही. मराठीत."

मी लिहिली आणि वाचून दाखवली. सुभद्रा म्हणाली, "परत वाच." मी परत वाचली. एका ठिकाणी तिने मला थांबवलं: रक्त एकदा नाही, त्याच दिवशी दोनदा काढलं होतं. मी दुरुस्त केलं. घड्याळाकडे बघून म्हटलं, "तुमची गाडी सुटेल."

"सुटंना का. वाच."

तिसऱ्यांदा ऐकल्यावर तिने स्वतः पॅड पुढे ओढला आणि अंगठा लावला. मी हात मागे ठेवले होते. गाडी गेली. त्या रात्री ती आमच्या घरी राहिली.

पोलिसांनी विलासला एकदा बोलावलं, जबाब घेतला, पुढे काही झालं नाही. शेटला दुसरीकडून किडनी मिळाली की नाही, मला माहीत नाही. मिळाली असेल तर त्या कागदाखाली कुठल्यातरी नोटरीचा शिक्का असणारच. सुभद्राच्या दोन्ही किडन्या जागेवर आहेत. नवऱ्याला नोकरी लागली नाही.

आमच्या ऑफिसात मात्र कोऱ्या कागदावर अंगठा घेणं बंद झालं. आधी मजकूर, मग वाचन, मग अंगठा. पक्षकार कुरकुरतात, गाडी चुकते म्हणतात.

चुकू दे. दुसरी गाडी सकाळी आहे.