ताईचं दुसरं मानपत्र

मुलुंडला आमच्या भागात कोणाची पंच्याहत्तरी असली, कोणी बँकेतून निवृत्त झालं किंवा सोसायटीच्या सेक्रेटरीने एकदाची गच्चीची गळती थांबवली, की मानपत्रासाठी लोक माझ्याकडे येतात. शाल, श्रीफळ आणि फ्रेम केलेलं मानपत्र दिल्याशिवाय सत्कार झाला असं आमच्याकडे कोणी मानत नाही. शाल आणि नारळ कोणीही आणतं. मानपत्र मी लिहितो, गेली वीसेक वर्षं.

त्याची एक रीत आहे. मानपत्रात माणसाला माणूस ठेवायचं नसतं. त्याला वटवृक्ष करायचं, समई करायचं, नाहीतर चंदन करून झिजवायचं. आमच्या सेक्रेटरींनी एका उन्हाळ्यात दिवसाला अर्धा तास पाणी सोडलं, तरी त्यांच्या मानपत्रात मी त्यांचा भगीरथ केला होता. ज्यांच्या नळाला पाणी चढत नव्हतं, त्यांनीच सगळ्यांत जास्त टाळ्या वाजवल्या. मी लोकांना हरभऱ्याच्या झाडावर चढवतो, असं माझ्या बायकोचं मत आहे. ते चुकीचं नाही.

मला स्वतःला मात्र या लिखाणाची आतून लाज वाटायची. माझं वाचन वेगळं. मोजकं, कमी बोलणारं गद्य मला आवडतं. शाळेत अतिशयोक्ती अलंकार शिकलो, तेव्हापासून तो मला लग्नापुरत्या घातलेल्या खोट्या दागिन्यांसारखा वाटत आला होता. कधीतरी एक खरं मानपत्र लिहायचं, ज्यात एक शब्दही फुगवलेला नसेल, असं मी मनाशी ठरवून ठेवलं होतं. ती संधी मागच्या वर्षी ताईच्या सत्काराने दिली.

ताई म्हणजे माझी मोठी बहीण, माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठी. मी सात वर्षांचा असताना आई गेली आणि ताईने मला वाढवलं. एकोणिसाव्या वर्षी ती टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर म्हणून लागली आणि तिथूनच निवृत्त झाली. आता घाटकोपरला राहते. तिच्या सोसायटीच्या महिला मंडळाने पंच्याहत्तरी गाठलेल्या दोघींचा एकत्र सत्कार ठरवला, ताईचा आणि तिच्या समोरच्या दारातल्या शेजारणीचा. दोन्ही मानपत्रं अर्थातच माझ्याकडे आली.

शेजारणीचं मी नेहमीच्या हाताने अर्ध्या तासात उरकलं. ‘आपण हसता तेव्हा भर दुपारी चांदणं पडतं’ असं एक वाक्य त्यात होतं. त्या बाई फारशा हसत नाहीत, पण ते असो. ताईच्या मानपत्राला मी चार संध्याकाळी दिल्या. एकेक विशेषण खोडून काढलं. तिने चाळीस वर्षं नोकरी केली, एकदाही उशीर केला नाही. धाकट्या भावाचे शर्ट घरी शिवले, त्याची फी वेळेवर भरली. तिच्या हातची आमटी घरात सगळ्यांना आवडते. एवढंच. मी ते वाचून पाहिलं आणि मला वाटलं, आयुष्यात पहिल्यांदा मी काहीतरी चांगलं लिहिलं.

कार्यक्रम सोसायटीच्या हॉलमध्ये झाला. आधी शेजारणीचं मानपत्र वाचलं गेलं. चांदण्याच्या वाक्याला बायकांनी टाळ्या वाजवल्या आणि त्या बाई खरोखरच हसल्या. मग ताईचं. हॉल शांत झाला. आमटीच्या वाक्यानंतर एकदोघी काहीतरी पुढे येईल म्हणून थांबल्या, मग टाळ्या पडल्या, बेताच्या. लोकांचं मन भरून आलंय, अशी मी स्वतःची समजूत घातली. ताईने फ्रेम दोन्ही हातांनी घेतली, मला म्हणाली, छान लिहिलंयस.

पंधरा दिवसांनी मी तिच्याकडे गेलो. शेजारणीचं दार उघडं होतं आणि समोरच्याच भिंतीवर मानपत्र लावलेलं होतं. जिना चढून येणाऱ्याला आधी ते दिसावं अशा बेताने. ताईच्या भिंती मी एकेक करून पाहिल्या. कॅलेंडर, घड्याळ, आईचा फोटो. माझी फ्रेम कपाटावर होती, ज्या वर्तमानपत्रात गुंडाळून आली होती त्याच्यासकट.

मी तिला विचारलं नसतं तर बरं झालं असतं, पण लिहिणाऱ्या माणसाला राहवत नाही. भिंतीत खिळा जात नाही का, असं मी जरा तिरकसच विचारलं. तिने चहा पुढे ठेवला, स्वतःचा कप घेऊन समोर बसली.

“त्यात काही चुकलं नाहीये रे. सगळं खरं आहे,” ती म्हणाली. “पण खरं काय ते मला माहीतच होतं ना. ते मीच केलंय.”

मी तिला समजवायला गेलो. साधं लिहिणं किती अवघड असतं, तिच्याबद्दल मला ते खोटे अलंकार वापरायचे नव्हते, तिचा मान त्याहून मोठा आहे, वगैरे. ती ऐकत राहिली. एक्स्चेंजमध्ये आयुष्य काढल्यामुळे समोरच्याचं बोलणं पूर्ण होऊ द्यायची तिला सवय आहे. माझं संपल्यावर ती म्हणाली, “तिच्यासाठी तू चांदणं पाडलंस. माझ्या वाट्याला आमटी आली. पंच्याहत्तर वर्षांत मला कोणी खोटं खोटंसुद्धा चांगलं म्हटलं नाही. मला वाटलं, तू तरी म्हणशील.”

तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर मला सोपं गेलं असतं. आमच्या घरात कौतुकाची पद्धतच नव्हती. वडील तर माणसाच्या तोंडावर त्याला चांगलं म्हणणं हा उथळपणा समजत. मीही तेच करत आलो आणि त्याला चांगली अभिरुची म्हणत राहिलो. मुलुंडमधल्या अर्ध्या लोकांवर मी वटवृक्षांची सावली धरली होती आणि जिच्यामुळे मला लिहिता-वाचता आलं, तिच्यापुढे नोकरीचा दाखला ठेवला होता. मला स्वतःची मनापासून लाज वाटली.

दुसरं लिहून आणतो, असं सांगून मी निघालो. पण घरी लिहायला बसल्यावर हाताला काही लागेना. चंदन बँकेच्या मॅनेजरांना देऊन झालं होतं, समई मुख्याध्यापिकाबाईंना. माझ्याजवळच्या सगळ्या उपमा वापरलेल्या होत्या. त्यांतली एखादी ताईला देणं म्हणजे दुसऱ्याची उतरवलेली शाल तिच्या खांद्यावर घालणं.

आठवडाभराने एक गोष्ट आठवली. ताई नोकरीला लागली तेव्हा मी नऊ वर्षांचा होतो. ती कामाला निघाली की मी दारात आडवा उभा राहायचो. आईसारखी हीसुद्धा परत येणार नाही, असं मला वाटायचं. ते मी कोणाला सांगितलं नव्हतं, तिला मात्र कळलं होतं. ती खाली बसून म्हणायची, मला जायलाच हवं रे, मी नाही गेले तर अख्खी मुंबई मुकी होईल. मी विचारायचो, अख्खी? ती म्हणायची, बोरिवलीपासून पार कुलाब्यापर्यंत. मग मी बाजूला व्हायचो. एवढ्या मोठ्या शहरासाठी बहिणीला सोडायला माझी हरकत नव्हती. शाळेत मी हे सगळ्यांना सांगितलं होतं आणि त्यावरून मारामारीही केली होती.

इतकी धडधडीत अतिशयोक्ती मी पुढे कुठल्या पुस्तकात वाचली नाही. आणि तिला खोटं म्हणायचं माझ्या कधी मनातही आलं नाही.

त्या रविवारी मी कागद घेऊन घाटकोपरला गेलो. ताई मेथी निवडत होती. मी समोर बसून वाचायला लागलो. “ताई, तू कामाला गेलीस म्हणून ही मुंबई बोलायला शिकली. बोरिवलीपासून पार कुलाब्यापर्यंत जो जो कोणी फोनवर ‘हॅलो’ म्हणाला, त्याचा आवाज आधी तुझ्या हातांतून गेला. तू एक दिवस रजा घेतली असतीस, तर समुद्रसुद्धा गप्प बसला असता.”

तिचे हात मेथीत थांबले. “एवढं काही नाही हं,” ती म्हणाली. डोळे पदराने पुसले.

मग ती उठली, दार उघडलं आणि शेजारणीला हाक मारली. त्या येऊन खुर्चीवर बसेपर्यंत तिने मेथीची परात बाजूला सारली, पदर नीट केला.

“हं, आता पहिल्यापासून वाच,” ती मला म्हणाली. “आणि जरा मोठ्याने.”