बाभळीची खिटी

चांदूर बाजारच्या मोटारस्टँडवर बाबा मला पोचवायला आले, तेव्हा त्यांच्या धोतराला वांग्यांच्या वाफ्यातला चिखल होता. मला अकोल्याला सरकारी नोकरी लागली होती. नव्या शर्टाला डाग पडू नये म्हणून मी पाया पडताना जरा लांबूनच वाकलो. कुसुम, तू शेजारीच होतीस, पण तुझ्या ते ध्यानात आलं नसेल. बाबांच्या आलं. "नीट राह्यजो," एवढंच ते म्हणाले.

बाळापूरला सासरी गेल्यापासून तू दर राखीच्या पत्रात विचारायचीस, आई गेल्यावर बाबा कायमचे माझ्याकडे अकोल्याला गेले होते, मग पंधरा दिवसांत परत का आले. मी लिहायचो, अकोल्याचं पाणी मानवलं नाही. ते खोटं होतं.

नवं राज्य नुकतंच झालं होतं आणि मला नवंकोरं क्वार्टर मिळालं होतं. दारं मात्र ओल्या लाकडाची. पहिल्याच उन्हाळ्यात मागचं दार वाकलं आणि कडी कोयंड्यापर्यंत पोचेना. आतून ट्रंक लावून ठेवायचो, तरी कुत्री पिठाच्या डब्यापर्यंत यायची. मी ऑफिसात अर्जावर अर्ज देत होतो.

बाबा वळकटी आणि पटाशी-हातोडीची पिशवी घेऊन आले होते. दोन दिवस त्यांनी ते दार नुसतं पाहिलं. एका संध्याकाळी मी घरी आलो, तर चौकटीवर बाभळीच्या लाकडाची फिरती खिटी बसवलेली. एका बोटानं फिरावी इतकी गुळगुळीत, आणि दार घट्ट बंद. मी काय म्हणतो याची वाट पाहत बाबा ओट्यावर बसले होते.

"तुम्हाला कोणी सांगितलं होतं?" मी म्हणालो. त्यांच्याशीही मी आता पुस्तकी बोलत असे. "उद्या ओव्हरसियर तपासायला येणार. दार लागतंय असं दिसलं, की तक्रार रद्द. शेजाऱ्यांचं तसंच झालं."

मग त्यांच्याच पटाशीनं मी ती खिटी उचकटली आणि त्यांच्यादेखत बंबात टाकली.

पटाशी पिशवीत ठेवत बाबा म्हणाले, "काढून ठेवली असती, बाबू. साहेब गेल्यावर पुन्हा लावली असती. जाळली काहून?"

खरं कारण वेगळंच होतं. अशी हातची, खेडवळ वस्तू माझ्या घरात कोणाला दिसायलाच नको होती.

त्याच बंबातल्या पाण्यानं त्यांनी अंघोळ केली आणि सकाळच्या मोटारीनं गेले. आठ दिवसांनी नवी कडी आली, लोखंडी, चकचकीत. मला आनंद झाला होता, हे लिहायची आज लाज वाटते.

दोन वर्षांनी पोळ्याला घरी गेलो. पावसानं आपलं दार फुगून अडत होतं. मी कोनाड्यातली पटाशी घेतली. बाबांनी ती माझ्या हातून शांतपणे काढून घेतली. "राहू दे. पाव्हण्यानं कायले हात लावा?" आणि शेजारच्या नामदेवाला हाक मारली.

बाबा आता नाहीत. अमरावतीत माझं स्वतःचं घर आहे, त्याची एकही कडी अडत नाही. पण घर म्हटलं की मला तेच दार दिसतं. नामदेव ते तासतो आहे, बाबा फळी धरून उभे आहेत आणि मी बाजेवर बसलोय. आपण सगळे पितळीतून चहा प्यायचो, कुसुम. त्या दिवशी बाबांनी मला फडताळातली पाव्हण्यांची कपबशी काढून दिली.