धुऱ्यावरची पेटी

मी मधमाश्या पाळायला शिकायला गेलोच नव्हतो, असं माझी बायको सगळ्यांना सांगते. तिच्या मते मी चहा, बिस्किटं आणि प्रेक्षक मिळतात म्हणून गेलो होतो. त्यातलं प्रेक्षकांचं खरं आहे. सेवाग्रामला एका दवाखान्यात मी चिठ्ठ्या काढण्याच्या खिडकीवर बसतो. समोर दिवसभर माणसं असतात, पण कोणाचं पोट दुखत असतं, कोणाची आई आत असते. गोष्ट ऐकायला कोणालाच सवड नसते. त्यामुळे शनिवार-रविवारचा मधमाशीपालनाचा वर्ग निघालाय असं कळल्यावर मी केसांना रंग लावला, इस्त्रीचा सदरा घातला आणि नायकाने विंगेतून यावं तसा त्या हॉलमध्ये शिरलो.

दुसऱ्या रांगेत, पंख्याखाली, माझा धाकटा भाऊ बसला होता.

आमचं बोलणं बंद होतं. वडिलांच्या शेताचे दोन हिस्से झाले, मधे धुरा, म्हणजे बांध, आला, आणि धुऱ्यावर एक कडुनिंब होता. सुट्टीच्या दिवशी मी त्याच्या सावलीत बसायचो. त्या सावलीत पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, पिवळी पडते, असं भावाचं म्हणणं. एका पोळ्याच्या सणानंतर त्याने मला न विचारता झाड तोडलं. मी काय बोललो ते आता सांगत नाही. आवाज माझा मुळातच मोठा आहे आणि शब्द जवळ भरपूर आहेत. तेव्हापासून तो गप्प झाला. वाटेत भेटलो की मी मुद्दाम मोठ्याने ‘जय भीम’ म्हणायचो, कारण भांडण कितीही असो, जय भीमला उत्तर द्यावंच लागतं. तोही द्यायचा, चपलेतला खडा झटकावा तसा, आणि पुढे निघून जायचा.

मला मात्र तो परत हवा होता. आई-वडील गेले. ‘तुले आठवते का रे’ असं ज्याला म्हणता येईल असं माणूस जगात आता तेवढंच उरलं होतं. मी गोष्टी सांगतो, त्यात मीठमसाला घालतो, आणि चवथ्या वेळी सांगताना मलाच कळेनासं होतं की झालं काय होतं. ते फक्त त्याला ठाऊक आहे.

वर्ग घेणाऱ्या मॅडम आमच्या मुलींच्या वयाच्या होत्या. हळू बोलायच्या, आणि कोणी जोरात बोललं तर स्वतः थांबायच्या. पहिल्याच दिवशी त्या माझ्यासमोर बऱ्याच वेळा थांबल्या. त्यांनी गावाप्रमाणे जोड्या लावल्या. पवनारकडचे आम्ही दोघंच. दोघांत मिळून माश्यांना धूर द्यायचं एक धुराडं, आणि वर्ग संपला की दोघांत मिळून एक पेटी.

“तुम्ही एकमेकांना ओळखता का?” मॅडमनी विचारलं.

“चेहरा पाहिल्यासारखा वाटते,” मी म्हणालो.

हॉल हसला. भाऊ हसला नाही.

पण मधमाश्यांच्या कामात एक गंमत आहे. पेटी उघडायची तर तोंडावर जाळी घ्यावी लागते. जाळी काळी, आत चेहरा दिसत नाही. कोण रागात आहे, कोण ओशाळला आहे, काही पत्ता लागत नाही. दुसऱ्या रविवारी आम्ही दोघं त्या जाळ्या लावून, दोन नवरदेवांसारखे, पेटीवर वाकलो होतो. मी जोशात धुराड्याचा भाता दाबत होतो. तेवढ्यात शेजारच्या जाळीतून आवाज आला.

“धूर जास्त होऊन राह्यला.”

माझा हात थांबला. “मले म्हनलं का?”

“नाई, राणीले म्हनलं.”

इतक्या वर्षांनी त्याने उच्चारलेलं पहिलं वाक्य हे. मी त्या दिवशी धूर इतका कमी केला की हाताला तीन ठिकाणी माश्या चावल्या, आणि मी हूं की चूं केलं नाही. घरी आल्यावर बायकोने चुना लावला. “एवढे आनंदानं चावून घेनारे तुमी पयलेच,” ती म्हणाली.

पुढे दर रविवारी आम्ही जाळीतून बोलायला लागलो. विषय फक्त माश्यांचा. चौकट उचलताना सरळ धर, उन्हात पिल्लं दिसतात, ही राणी, नाही, तो नर. जाळी काढली की पुन्हा मौन. मग एका रविवारी त्याची गाडी पंक्चर झाली आणि तो माझ्या मागे बसून घरी आला. सबंध रस्ता मी एकही गोष्ट सांगितली नाही. माझ्या आयुष्यातला तो सर्वांत मोठा त्याग आहे, आणि त्याचं कोणी कौतुक केलेलं नाही.

मॅडमचा एक धडा इथे सांगायला हवा, नाहीतर पुढचं कळणार नाही. माशी घर ओळखत नाही, जागा ओळखते. पेटी हलवायची तर रोज हातभर सरकवायची, नाहीतर एकदम काही कोस लांब न्यायची, जिथून जुनी जागा तिला सापडणारच नाही. मधल्या अंतरावर पेटी कधी नेऊ नये. नेली तर सकाळी बाहेर पडलेली माशी चारा घेऊन जुन्या जागीच परत येते, आणि तिथे घर नसतं. मॅडमनी हे दोनदा सांगितलं. दुसऱ्यांदा त्यांनी भावाला उभं करून म्हणायला लावलं, आणि मग मला.

दसऱ्याला आम्ही सगळे दीक्षाभूमीवर जाऊन आलो, आणि त्यानंतर लगेच पेटी मिळाली. ठेवायची कुठे यावर वादच झाला नाही. भाऊ म्हणाला, “धुऱ्यावर ठेवू. बुंधा हाये नं.” त्याच कडुनिंबाचा बुंधा. पेटीला दोन बाजूंनी धरून आम्ही ती त्याच्यावर ठेवली, आणि मला वाटलं, झालं, झाड पुन्हा उगवलं. माझ्यासारख्या माणसाला असले विचार फार लवकर सुचतात.

माश्या रमल्या. भावाच्या दोडक्याला कधी नव्हे इतकी फळं धरली. सुट्टीच्या दिवशी मी पेटीजवळ बसायचो, तो पाणी सोडता सोडता यायचा, आणि आता जाळी नसतानाही बोलायचा. एकदा त्याने स्वतःहून वडिलांची नक्कल केली. नक्कल फार वाईट होती. मी मान फिरवून डोळे पुसले आणि त्याला सांगितलं की माशी गेली डोळ्यात.

मग माझी बायको शेतावर आली. तिने पेटीभोवती एक चक्कर मारली, पदर खोचला आणि म्हणाली, “तोंड त्याइच्याकडं, पाठ आपल्याकडं.”

पेटीचं दार पूर्वेकडे असावं लागतं, म्हणजे सकाळचं ऊन आत जातं. भावाचं शेत पूर्वेला. यात कोणाचाही डाव नव्हता. सूर्यच त्या बाजूला उगवतो. पण तिचं वाक्य तिकडे दोडके तोडणाऱ्या तिच्या धाकट्या जावेने ऐकलं.

“आमच्याकडं तोंड हाये म्हनूनच आमचे दोडके तुमच्या भाजीत येऊन राह्यले नं, बाई,” ती दोडक्यांच्या वेलाआडून म्हणाली.

“दोडके तुमचे. माश्या कोनाच्या?”

“विचारून पाहा त्याइले.”

संध्याकाळपर्यंत मी आणि भाऊ एकमेकांसमोर उभे होतो. मी म्हणालो, बायकांचं सोड. तो म्हणाला, “मग तुह्याकडं फिरवून घे. मले काई नाई.” मी म्हणालो, “मी कुठं म्हनलं फिरव?” तो म्हणाला, “तुह्या मनात हाये. तुह्या मनातलं समद्या गावाले ऐकू येते.” त्यावर मीही बोललो. मला शब्द कमी पडत नाहीत, हे मघाशी सांगितलंच आहे.

पुलगावहून आत्या आली. वडिलांची बहीण, आमच्या घराण्यात तिचा निकाल शेवटचा असतो, कारण नंतर तिच्याशी वाद घालायची कोणाची छाती नसते. पौर्णिमेला विहारात वंदना झाली, आणि तिने आम्हाला बाहेर ओट्यावर बसवलं. दोघांच्या दाढ्या पांढऱ्या, पण तिने सुरुवात केली, “पोट्टेहो, विहिरीचं पानी कसं वाटून घेता?”

“पाळीनं,” भाऊ म्हणाला.

“एक आठवडा त्याचा, एक माझा,” मी म्हणालो.

“भांडता का त्याच्यावरून?”

“नाई.”

“मग पेटीले काय सोनं लागलं? अमावस्या ते पौर्णिमा लहान्याच्या खोपडीजवळ. पौर्णिमा ते अमावस्या मोठ्याच्या. उचलायची अन् ठेवायची. धुऱ्यावर ठेवूच नका, धुरा हाच तुमचा रोग हाये.”

भावाची खोपडी, म्हणजे शेतातली झोपडी, त्याच्या शेताच्या त्या टोकाला आहे, माझी या टोकाला. हाक मारली तर ऐकू येईल इतकंच अंतर. म्हणजे मॅडमनी जे कधी करू नका म्हणून दोनदा सांगितलं होतं, ते, दर पंधरवड्याला.

मी भावाकडे पाहिलं. त्याने माझ्याकडे पाहिलं. तो क्षण मी पुष्कळांना रंगवून सांगितला आहे, पण त्यात रंगवण्यासारखं काही नाही. आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. पहिली पाळी त्याची. मी बोललो असतो तर त्याला पेटी द्यायला नको म्हणून खोट काढली असं झालं असतं. तो बोलला असता तर ती धुऱ्यावर राहावी, तोंड आपल्याकडेच राहावं म्हणून, असं झालं असतं. जो आधी तोंड उघडेल तो लोभी ठरणार होता. आम्ही दोघांनीही आत्याला ‘हाव’, म्हणजे हो, म्हटलं आणि तिने आणलेला चिवडा खाल्ला.

अमावस्येला दिवस मावळताना त्याने पेटीच्या दाराला गवताचा बोळा लावला, दोरीने बांधली, त्याच्या बायकोला दुसरं टोक धरायला लावलं, आणि नेली. सगळं शिकवल्याप्रमाणे, नीट.

दुसऱ्या दिवशी मी खिडकीवर गेलो नाही, रजा टाकली. ऊन वर आल्यावर त्या यायला लागल्या. बुंध्याच्या वर, पेटी होती तेवढ्या उंचीवर, हवेत घिरट्या घालायच्या. पायांना तुरीच्या फुलांचे पिवळे गोळे. खाली उतरायच्या, बुंध्यावर चालायच्या, दार जिथे होतं त्या रिकाम्या जागेत तोंड घालायच्या, पुन्हा उडायच्या. दुपारपर्यंत बुंधा काळा झाला. बारीकशी गुणगुण चालली होती. मी माझ्या बाजूला उभा होतो. थोड्या वेळाने भाऊ त्याच्या बाजूला येऊन उभा राहिला.

पेटी परत आणून ठेवली असती तर सगळं तिथेच मिटलं असतं. दोन माणसांचं काम.

“तुह्याकडं आल्या,” तो म्हणाला.

“धुऱ्यावर आल्या,” मी म्हणालो.

तो अजून काही बोलेल म्हणून मी थांबलो. तोही त्यासाठीच थांबला असावा. मी, लग्नात माईक हातात आला की जेवणं थंड करणारा माणूस, ‘आण पेटी’ हे दोन शब्द माझ्या तोंडातून निघाले नाहीत. मग मी ‘जय भीम’ म्हणालो, त्याने ‘जय भीम’ म्हटलं, आणि आम्ही आपापल्या वाटेने गेलो. थंडीचे दिवस होते. सकाळी बुंध्याभोवती सांडलेल्या तिळासारख्या त्या पडलेल्या होत्या, आणि मुंग्या त्यांना ओढून नेत होत्या.

पेटीत राणी होती, पिल्लं होती, थोड्या तरुण माश्या होत्या. बाहेरून आणणारं कोणी नव्हतं. माझी पाळी आली तेव्हा मी उरलेल्यांना साखरेचं पाणी ठेवलं. त्यातल्याही काही उडून त्याच्या खोपडीकडे परत गेल्या. मग मेणाला कीड लागली. एका दुपारी मी पेटीला कान लावला तर आत काहीच नव्हतं. उरल्यासुरल्या माश्या राणीला घेऊन कुठेतरी निघून गेल्या होत्या. त्यांच्या जागी मीही तेच केलं असतं.

मॅडमचा फोन आला होता. मी म्हटलं, छान आहे. भावालाही त्यांनी फोन केला, असं त्या म्हणाल्या. तोही छान आहेच म्हणाला. एवढं एक आमचं जमलं.

आता पुढचं तुम्हाला खोटं वाटेल, तसं बायकोलाही वाटलं होतं. त्यानंतरच्या अमावस्येला मी खोपडीत बसलो होतो. पाळी बदलण्याची संध्याकाळ. पेटी रिकामी आहे हे त्याला माहीत होतं. सगळ्या गावाला माहीत होतं. मला वाटलं, आता तरी तो येईल, रिकाम्या पेटीवर बसेल, काहीतरी बोलेल.

दिवस मावळताना तो आला. ‘जय भीम’ म्हणाला. खाली वाकून गवत उपटलं, त्याचा बोळा केला आणि रिकाम्या पेटीच्या दाराला नीट दाबून लावला.

“काऊन?” मी विचारलं.

“पाळी माही हाये,” तो म्हणाला.

आणि पंधरा दिवसांनी, पौर्णिमेला, मी जाऊन ती परत आणली. न आणावी तर सोडून दिली असं झालं असतं. तेव्हापासून ती जाते-येते. आत्या विचारते, नांदता का नीट, आणि आम्ही दोघंही हाव म्हणतो. भरलेली होती तेव्हा पेटी फार जड होती, एकट्याला उचलत नव्हती. आता हलकी झाली आहे. तो एका हाताने खांद्यावर टाकतो आणि धुरा ओलांडून जातो. दुसरं टोक धरायला कोणी लागत नाही.