हमीदाबीच्या शेळ्या आणि बाटलीतलं तेल

जनावरांच्या दवाखान्यात नोकरी केलेल्या माणसाला किस्सा सांगायला लावू नये. एक शेळी दारातून निघाली की मागून सगळा कळप येतो, तसं होतं! हैदराबाद राज्य संपून आमचा जिल्हा मुंबई राज्यात आला, त्या सुमारास मी मुरुम गावाच्या बाजूला कंपाउंडर होतो. डॉक्टर पाटणकर पुण्याहून नवे आलेले. माणूस हुशार, पण नाकावर राग!

*

हमीदाबी ही गावची दाई. निम्मं गाव तिच्या हातावर जन्मलेलं. पण तिच्याच घरच्या शेळ्यांची करडं दोन वर्षं जगत नव्हती. पायात बळ नाही, उभीच राहायची नाहीत. यंदाही गेली तर शेळ्या कसायाला द्यायच्या, असं तिच्या मुलानं ठरवून टाकलं होतं. त्या शेळ्या तिनं लेकरांसारख्या वाढवलेल्या.

डॉक्टरांनी तिला जन्मणाऱ्या करडांसाठी गव्हाच्या अंकुराचं तेल दिलं आणि समजावलं, "याला अँटिऑक्सिडंट म्हणतात. तेल जुनं झालं की खवट होतं ना? तसं अंगातही होतं. हे औषध ते थांबवतं."

हमीदाबीनं जरा विचार केला. "म्हंजे डागदरसाब, माज्या शेळ्या खवट झाल्यात म्हना की!"

मी हसलो. ती हसली नाही.

*

गाभण शेळ्यांना मोड आलेले गहू आणि शेवग्याचा पाला द्या, असंही डॉक्टर सगळ्यांना सांगत. गावातल्याच किसन शिंद्याच्या आईला आम्ही दवाखान्यातून गहू दिले. आठवड्यानं जाऊन बघतो तर शेळ्या कडबा चघळतायत आणि गरोदर सून ओसरीवर बसून मोड आलेले गहू खातेय!

डॉक्टर कडाडले, "अहो, ते शेळ्यांसाठी होते!"

म्हातारी म्हणाली, "शेळ्या काय, फुडच्या साली बी गाभन ऱ्हातील. सुनंला लई वर्सांनी दिवस गेल्यात!"

डॉक्टर सायकलवर बसले. दुसऱ्या दिवशी त्यांनी माझ्या हाती आणखी गहू पाठवले. कुणासाठी, ते सांगितलं नाही.

*

हमीदाबीच्या शेळ्यांना किसनचाच बोकड लागायचा. त्यालाही खुराक द्या म्हटल्यावर किसन हातच जोडायला लागला.

"नगं साहेब! त्यो अणदूरच्या खंडोबाला बोललेला हाय. अजून बारका हाय, बारका हाय म्हणत दोन वर्सं टाळलंय म्या. धष्टपुष्ट केला तर देवाला काय सांगू?"

*

शेवटी तो दिवस आला. सकाळी हमीदाबीचा मुलगा धावत आला. "तिन्ही शेळ्या व्याल्या, पन एक बी पिलाला जवळ घेईना!"

आम्ही पोचलो. एकीचं करडू मेलेलंच जन्मलं होतं. बाकी दोघींची चार करडं थरथरत पडलेली. पोटात दुधाचा थेंब नाही. आचळाजवळ नेलं की आई हुंगायची आणि शिंगानं ढकलून द्यायची.

डॉक्टरांनी एक करडू उचलून हुंगलं आणि त्यांचा चेहराच बदलला. "हे तेल अंगाला लावलंत? पाजायला दिलं होतं मी! आईला पोराचा वास कसा कळणार आता?"

"जल्मल्या जल्मल्या तेल अंगालाच लावतेत की, साब," हमीदाबी रडकुंडीला आली. "आजवर समद्या पोरांना तसंच लावलं!"

मुलगा दारात उभा होता. दावी सोडायला त्यानं हात पुढं केला.

हमीदाबीनं डोळे पुसले, बाटली उचलली आणि उरलेलं तेल हातावर ओतून तिन्ही शेळ्यांच्या नाकाला फासलं. मेलेल्या करडाच्या आईलाही सोडलं नाही.

शेळ्या शिंकल्या, इकडंतिकडं हुंगत राहिल्या, पण आता सगळीकडं तोच वास. मग एक करडू धडपडत उठलं, पडलं, पुन्हा उठलं आणि ज्या शेळीचं पिल्लू मेलं होतं, तिच्याच आचळाला लागलं. ती हलली नाही. मागून बाकीची उठली. जी शेळी जवळ, ती आई!

मुलानं हात मागं घेतला.

डॉक्टर गोंधळून गेले. "अहो, पण यातलं कुणाचं कोणतं?"

हमीदाबी तेलकट हात लुगड्याला पुसत म्हणाली, "उभी हायत न्हवं, साब? मग कुनाचं कोन, ते कशाला इचारता!"